खुर्ची रिकामी परत करायची नसते

विहीणबाईंची फ्रेंच खुर्ची काटेवाडीत आली ती 'छोटा हत्ती' टेम्पोच्या हौद्यात, दोन गोधड्या पांघरून. ड्रायव्हरशेजारी ऐसपैस जागा असताना विनयाताई बारामतीपासून मागेच उभ्या होत्या. एक हात गाडीच्या कठड्याला, दुसरा खुर्चीच्या पाठीवर.

"माझ्या पाठवणीला पण आई एवढी गाडीबरोबर आली नव्हती," अश्लेषा कडेवरच्या बाळाला म्हणाली. बाळाला त्यातलं काही कळलं नाही, पण आजी दिसली म्हणून त्याने दोन्ही पाय झाडले.

अश्लेषा ही विनयाताईंची लेक आणि प्रयागबाईंची सून. बारामतीच्या दाताच्या डॉक्टरांची मुलगी काटेवाडीच्या ऊसवाल्या रविराजशी लग्न करून आली, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी भुवया वर करून घेतल्या होत्या. त्या अजून पुरत्या खाली आल्या नव्हत्या. मधल्या काळात बाळ झालं, त्याचं नाव युवराज ठेवलं, आणि युवराजांच्या कृपेने दोन विहिणी एकमेकींशी गोड बोलू लागल्या होत्या.

"ऊन नको, पाणी नको, आणि बसायचं नाही," विनयाताईंनी खाली उतरल्या उतरल्या सांगून टाकलं. "आमच्याकडे फरशा उकरणार, भिंती खरवडणार. आम्ही चाललो मुलाकडे, मोहितकडे, बंगळूरला. इतक्या दिवसांसाठी हिला ठेवणार कुठे? तुमच्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही, विहीणबाई."

हे वाक्य ऐकलं आणि प्रयागबाईंना आपण चार बोटं उंच झाल्यासारखं वाटलं. त्याला कारण होतं.

लग्नाची बोलणी करायला त्या पहिल्यांदा बारामतीच्या बंगल्यात गेल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. अंगावर नवं कोरं नऊवारी, नाकात नथ. दिवाणखान्यात सोफा होता, पण सोफ्यावर पुरुष बसले होते. कोपऱ्यात एकटीच ही खुर्ची, बाकदार पायांची, सोनेरी. मुलाच्या आईनं बसावं ते इथंच, असं समजून प्रयागबाई तिकडे वळल्या, पदर सावरला, आणि टेकणार एवढ्यात विनयाताई ओरडल्या, "अहो, तिथं नको!" इतक्या मोठ्यानं, की प्रयागबाईंचे यजमान गेणबा यांच्या हातातला चहा बशीत आला. मग प्रयागबाईंना एका बुटक्या, बिनपाठीच्या वेताच्या मोढ्यावर बसवण्यात आलं. पोहे चांगले होते, बोलणीही चांगली झाली. प्रयागबाईंनी तो मोढा मात्र कधी कुणाला बोलून दाखवला नाही आणि कधी विसरल्याही नाहीत.

दुसरं शल्य डब्याचं होतं. प्रयागबाई बारामतीला कधी तूप पाठवत, कधी शेंगा, कधी गुऱ्हाळावरचा ताजा गूळ. स्टीलचा डबा परत यायचा तो घासूनपुसून लख्ख आणि रिकामा. प्रयागबाईंच्या सबंध भावकीत कुणी भांडं रिकामं परत करत नाही. काही नसलं तर चार दाणे साखरेचे तरी टाकतात. "शिकलेल्या लोकांत जशीच्या तशी वस्तू परत करायची पद्धत असते, आत्या," अश्लेषा समजूत घालायची. प्रयागबाई 'व्हय' म्हणायच्या आणि डबा मांडणीत जरा जोरात ठेवायच्या.

आणि आता तीच खुर्ची त्यांच्या उंबऱ्यात उभी होती.

विनयाताईंनी गोधड्या सोडल्या. कडेनं कोरलेली फुलं, जागोजागी विटलेला सोन्याचा मुलामा, आणि पाठीला जाड विणीचं एक चित्र. झाडाखाली गोरीपान मेंढपाळीण, हातात काठी, पायाशी मेंढरं.

"पंधराव्या लुईच्या पद्धतीची आहे," विनयाताई म्हणाल्या. "माझे आजोबा एका संस्थानात कारभारी होते. राजेसाहेबांनी ही थेट पॅरिसहून मागवली होती. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांनी ती आजोबांना दिली."

"मेंढरं मात्र आपल्याकडचीच दिसत्यात," गेणबा कौतुकानं वाकून म्हणाले.

विनयाताई हसल्या नाहीत. "फ्रान्सच्या दरबारात खुर्चीवरून माणसाची पायरी ठरायची. हाताची खुर्ची कुणाला, बिनहाताची कुणाला, नुसतं स्टूल कुणाला आणि कुणी उभंच राहायचं, हे ठरलेलं. एका स्टुलासाठी सरदारांच्या बायका आयुष्यभर झुरायच्या."

"मग त्यात फ्रान्सचं काय हाय?" प्रयागबाई म्हणाल्या. "आमच्यात बी जावयाला पाट, व्याह्याला लोड, आन् भावकीला सतरंजी. मोढ्याचं तेवढं आमच्यात न्हाय."

अश्लेषाला एकदम खोकला आला. विनयाताईंना काही आठवलं की नाही, कळलं नाही.

"जशी दिली तशीच परत करीन, विहीणबाई," प्रयागबाईंनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. खुर्ची पाहुण्यांच्या खोलीत गेली, वर पांढरी चादर आली, दाराला कडी लागली.

आता एवढ्यावर भागायला काही हरकत नव्हती. पण कडीच्या आत राजाची खुर्ची आहे हे गावाला कळलंच नाही, तर ती असून उपयोग काय? प्रयागबाईंनी पहिल्या आठवड्यात डेअरीवर सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात बचत गटात. बाया दोघीदोघी येऊन चादर उचलून बघून जाऊ लागल्या. प्रयागबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणायच्या, "लांबनंच बगा. फ्रान्सची हाय."

अशात भावकीतल्या गोकुळच्या गाईला कृषी प्रदर्शनात पहिला नंबर आला. गोकुळनं दारात मांडव घातला. गाईचा सत्कार, पेढे, आणि प्रमुख पाहुणे म्हणून कारखान्याचे एक संचालक.

"वैनी," गोकुळ दारात येऊन डोकं खाजवत म्हणाला, "पावण्यांला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवू व्हय? तुमच्या घरात राजाची खुर्ची असताना?"

"तिच्यावर बसायचं नसतंय, भावजी."

"मग काय करायचं असतंय?"

"बघायची असती."

गोकुळनं क्षणभर विचार केला. "म्हंजी बगा, हिकडं गाव बसलंय, तिकडं पावणं खुर्चीत बसलंय, आन् गाव खुर्ची बगतंय. बघणं बी झालं, बसणं बी झालं. आन् कुणी इचारलं, कुणाची, तर माईकवर नाव कुणाचं घ्यायचं?"

माईकचं नाव निघालं आणि प्रयागबाईंचा हात आपोआप कडीकडे गेला.

सत्कार झोकात झाला. झूल घातलेली गाय एका बाजूला, संचालक खुर्चीत मधोमध, आणि गोकुळ माईकवर ओरडून सांगतोय, "सदर खुर्ची सौजन्य, आमच्या वैनी प्रयागबाई!" टाळ्या पडल्या. गाईपेक्षा जास्त पडल्या, असं प्रयागबाईंना वाटलं. तेवढ्यात वजनदार संचालक माळ घ्यायला उठले आणि खुर्चीतून 'कर्र' असा आवाज आला.

खुर्ची संध्याकाळी परत आली. मागच्या डाव्या पायाला भक्कम लोखंडी पट्टी, वर मोठे नट, वर ग्रीस.

"हे काय केलंसा भावजी!" प्रयागबाई पट्टी चाचपत म्हणाल्या.

"ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडनं पक्की करून आणली," गोकुळचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "रिकामी खुर्ची परत कशी करू, वैनी? आता हत्ती बसू द्या. आन् पाय आदीचाच ढिला व्हता बरं का. आतनं खुंटी पार कुजलेली, वर कागदाची घडी कोंबलेली."

"राजाच्या खुर्चीचा पाय ढिला असतोय व्हय?" प्रयागबाईंनी त्याला उडवून लावलं. "मोडलं तर मोडलं म्हनावं सरळ." पण भांडं रिकामं परत न करण्याचा कायदा त्यांचाच होता. त्यांनी पट्टीवरचं ग्रीस पुसलं, चादर पायापर्यंत ओढली आणि खुर्चीची ती बाजू भिंतीकडे केली.

"मी आईला सांगू का?" अश्लेषानं विचारलं.

"काही सांगू नगस. पट्टी काय, काढता येती."

पट्टी निघाली असती. पण गाय, संचालक आणि खुर्ची असा फोटो गावाच्या ग्रुपवर पडला, तिथून लासुर्ण्याला प्रयागबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, संजीवनीच्या मोबाइलवर पोचला, आणि तिचा फोन आला.

"आक्का, गोकुळच्या गाईसाठी खुर्ची दिलीस. माझ्या उत्कर्षाचा साखरपुडा हाय. गाईपरीस माझी लेक कमी हाय का?"

खुर्ची लासुर्ण्याला गेली.

नेमकं त्याच दिवशी बंगळूरहून विनयाताईंचा व्हिडिओ कॉल आला. आधी युवराजचे दात बघून झाले, मग युवराजचे केस. मग त्या म्हणाल्या, "जरा खुर्ची दाखवा ना. काल स्वप्नात आली होती."

प्रयागबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं सासूकडे पाहिलं. मग अश्लेषा मोबाइल घेऊन हळूहळू, व्हरांड्यातल्या सगळ्या कुंड्या दाखवत, उगाच शेवग्याच्या झाडाला वळसा घालत पाहुण्यांच्या खोलीकडे निघाली. तोवर प्रयागबाई मागच्या दारानं आत शिरल्या, अंगणातली प्लास्टिकची खुर्ची आत ओढली आणि तिच्यावर चादर टाकली. पाठ भरीव दिसावी म्हणून तिला उशी लावली.

"बघा, गपगार झोपलीय," प्रयागबाई धापा टाकत म्हणाल्या.

"किती सांभाळताय हो!" विनयाताईंचा आवाज भरून आला. "जरा चादर वर करा ना. माझ्या मेंढपाळणीला एकदा बघू दे."

प्रयागबाईंनी डोळे मिटले. अश्लेषाचा अंगठा अलगद कॅमेऱ्यावर आला.

"आई? आई, ऐकू येतंय का? नेटवर्क... हॅलो?"

फोन बंद झाल्यावर दोघी कितीतरी वेळ जमिनीवर बसून हसत होत्या. हसता हसता प्रयागबाईंच्या मनात आलं, ही पोर आपल्यासाठी स्वतःच्या आईशी खोटं बोलली. त्यांनी उठून तिच्यासाठी भाकरी थापली आणि लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा ठेवला.

लासुर्ण्याहून खुर्ची परत आली ती लांबूनच दिसली. उन्हात नुसती झळाळत होती. विटका मुलामा गेला होता आणि त्या जागी लखलखीत, पिवळाधमक सोनेरी ऑइलपेंट आला होता. फुलं सोनेरी, पाय सोनेरी, लोखंडी पट्टीसुद्धा सोनेरी.

"आक्का, रंग पार उडालेला गं," संजीवनी फोनवर म्हणाली. "फोटोत जुनाट दिसाय लागली. रिकामी कशी धाडू? आपल्या देवळाचा कळस ज्यानं रंगवला, त्याच्याकडनंच करून घेतली. कळसाला लावला त्योच डबा. आता लोकं म्हनतील, खरी राजाची हाय."

आणि खरं सांगायचं तर प्रयागबाईंनाही मनातल्या मनात ती पहिल्यापेक्षा बरी वाटली. जुनी खुर्ची म्हणजे शिळ्या भाकरीसारखी दिसायची. ही कशी, सणासारखी. पण 'जशी दिली तशी' हा शब्द त्यांना रोज सकाळी चुलीपाशी गाठायचा.

"आता कुनालाच द्यायची न्हाय," त्यांनी गेणबांना बजावलं. "देव जरी आला तरी."

देव आला नाही. इंदापूरच्या नणंदबाई आल्या. फुलाबाई म्हणजे गेणबांच्या थोरल्या बहीण, हातात पिशवी, पिशवीत पत्रिका. नातवाचं जावळ नरसिंहपूरला काढायचं होतं. नीरा-भीमेच्या संगमावर कुळातल्या सगळ्या पोरांची जावळं निघाली होती, आणि जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसतं.

"मामा कशावर बसणार?" फुलाबाईंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "दगडावर बसंल. गरिबाच्या पोराचा मामा तो. खुर्ची काय, गाईला मिळती, बहिणीला मिळती. नणंदेचं काय, माहेरात तिचं हाय तरी कोण?" असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि पदराआडून भावाकडे पाहिलं.

गेणबा उठले आणि गोधड्या आणायला गेले.

नरसिंहपूरला प्रयागबाई स्वतः हजर होत्या. समोर दोन नद्यांचं पाणी, घाटावर सोन्याची खुर्ची, खुर्चीत फेटा बांधलेला मामा, मामाच्या मांडीवर रडून लाल झालेलं पोर. देवाला आलेली परगावची माणसंही थांबून विचारत होती, "कुणाची वो?" आणि फुलाबाई, ज्यांनी आयुष्यात भावजयीचं कधी बरं म्हटलं नव्हतं, त्या सांगत होत्या, "आमच्या वैनीची. काटेवाडीच्या प्रयागबाईंची." प्रयागबाईंना तो दिवस इतका गोड वाटला, की पोरानं मामाच्या मांडीवरून थेट खुर्चीच्या बैठकीपर्यंत जो काही प्रसाद केला, त्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. त्यावर केस पडले, गुलाल पडला, आणि वरून कुणीतरी संगमाचं पाणी ओतून धुवायला घेतलं.

"राहू द्या इंदापुरात चार दिस," फुलाबाई म्हणाल्या. "स्वच्छ करून धाडते."

चार दिवसांनी खुर्ची आली नाही, पण बारामतीहून फोन आला. विनयाताई परत आल्या होत्या. घर तयार होतं. परवा त्यांचे यजमान डॉक्टर रमाकांत यांची एकसष्टी.

"सकाळीच आणा हं खुर्ची," विनयाताई म्हणाल्या. "माझ्या सगळ्या मैत्रिणी येणार आहेत. नव्या दिवाणखान्यात आधी तीच येऊ दे."

रविराजनं पिकअप काढली आणि सासू, सून, बाळ इंदापूरला पोचले. खुर्ची ओसरीवर होती. प्रयागबाई तिच्याकडे बघत खालच्या पायरीवरच बसल्या.

मेंढपाळीण गेली होती. मेंढरं गेली होती. त्यांच्या जागी पाठीला आणि बैठकीला लालभडक, तुकतुकीत रेक्झिन होतं, कडेनं पितळी खिळे, आत जाड फोम.

"डाग निघंना झाले," फुलाबाई म्हणाल्या. "मग रिकामी कशी धाडायची? जीपच्या सीटवाल्याकडं न्हेली. एक नंबरचा माल लावलाय, वैनी. पान्याचं, तेलाचं, कशाचं भ्याव न्हाय. फडकं मारलं की झालं."

"आन् ती मेंढपाळीण?" प्रयागबाईंनी विचारलं.

"टाकून दिली असं वाटलं व्हय? पाठीचा तुकडा चांगला व्हता." फुलाबाई आत गेल्या आणि घडी घेऊन आल्या. "आपल्या युवराजाला कुंची शिवली. तीनदा धुतली, आतनं जुन्या धोतराचं मऊ अस्तर दिलंय. थंडीत कामाला येईल."

अश्लेषानं कुंची हातात घेतली. बाळाच्या डोक्यावर झाडाची फांदी येत होती आणि पाठीवर, बरोबर मधोमध, काठी धरून मेंढपाळीण बसली होती. लहानपणी तापात पडल्यावर अश्लेषा याच मेंढपाळणीकडे बघत झोपायची. तिनं कुंची बाळाला घातली. बाळानं कड तोंडात घातली.

परतीच्या वाटेवर लासुर्णं मागे पडल्यावर अश्लेषा म्हणाली, "आत्या, मी सांगते आईला. माझ्याकडून झालं म्हणून. मला काय, ओरडेल आणि गप्प बसेल."

"न्हाय," प्रयागबाई समोर बघत म्हणाल्या. "शबूद मी दिला. खुर्ची मी दिली. मीच न्हेणार. ती मला पुन्यांदा मोढ्यावर बसवंल. बसंन मी."

मग कुंचीतल्या बाळाकडे बघून त्या म्हणाल्या, "पर रिकामी न्हेणार न्हाय."

एकसष्टीच्या सकाळी बारामतीच्या बंगल्यात फुलांचा वास, नव्या रंगाचा वास आणि शिऱ्याचा वास एकत्र झाले होते. रेशमी साड्यांतल्या मैत्रिणी सोफ्यांवर बसल्या होत्या. ताटात एकसष्ट दिवे लावून ठेवले होते. कोपऱ्यातली जागा मोकळी होती, आणि तिच्यावर खास नवा दिवा लावला होता, खाली प्रकाश पाडणारा.

रविराज आणि गेणबांनी चादरीसकट खुर्ची आणून त्या प्रकाशात ठेवली. चादरीखालून सोनेरी पाय चमकला. एक मैत्रीण म्हणाली, "अगंबाई, हीच ना ती फ्रेंच?"

"हीच," विनयाताई ताठ होऊन म्हणाल्या. "विहीणबाई, काढा चादर. मान तुमचा."

प्रयागबाईंनी चादर काढली. आणि विनयाताईंना श्वास घ्यायला वेळ मिळायच्या आत, युवराजाला सुनेच्या कडेवरून उचललं आणि खुर्चीत बसवलं.

लालभडक रेक्झिन, कळसाचं सोनं, ट्रॉलीची पट्टी, आणि मधोमध कुंचीतले युवराज, दोन दातांनी हसणारे.

विनयाताईंचा रंग आधी गेला, मग आला, मग पुन्हा गेला.

"विहीणबाई," प्रयागबाई म्हणाल्या. मान वर होती. "जशी दिली तशी आनीन म्हणाले व्हते. न्हाय जमलं. चूक माझी हाय, पोरीची न्हाय. मला मिरवायचं व्हतं. माझ्या भावकीनं हिला पट्टी लावली, बहिणीनं सोनं चढवलं, नणंदेनं कापड घातलं. कुणी वंगाळ मनानं केलं न्हाय. आमच्यात मानाची वस्तू कुणी रिकामी परत करत न्हाय. तीन गावांत हिच्यावर मानाची माणसं बसली. तुमच्या राजाचं नाव आमी खाली पडू दिलं न्हाय. आता काय बोलायचं ते बोला."

मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात बाळ पुढे झुकलं आणि कुंचीची पाठ सगळ्यांना दिसली. विनयाताई एकदम दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी मेंढपाळणीवरून बोट फिरवलं, काठीवरून, मेंढरांवरून. बाळानं ते बोट पकडलं आणि तोंडात घातलं.

ते सुटेना, म्हणून त्यांना तिथेच वाकून उभं राहावं लागलं.

इतका वेळ मागे उभे असलेले डॉक्टर रमाकांत हळूच पुढे आले. सबंध आयुष्य दुसऱ्यांना खुर्चीत बसवण्यात गेलं, पण स्वतःच्या घरातल्या या खुर्चीत बसायची त्यांना कधी परवानगी नव्हती. त्यांनी नातवाला उचललं आणि ते खुर्चीत टेकले.

"अहो, तिथं नको!" विनयाताई ओरडल्या.

तेच शब्द, तोच सूर. पण या वेळी प्रयागबाईंनी विहीणबाईंचा चेहरा पाहिला, आणि त्यावर तोरा नव्हता. भीती होती. स्वच्छ, साधी भीती, पोर पाळण्यातून पडताना होते तशी.

खुर्ची हलली नाही. डॉक्टर एकदा डावीकडे झुकले, एकदा उजवीकडे, मग जरा उसळी मारून बघितली. कर्र नाही, कुर्र नाही.

"विनया," ते चकित होऊन म्हणाले, "पाय हलत नाही गं!"

विनयाताईंनी हळूच खाली वाकून लोखंडी पट्टीला हात लावला. मग त्या उठल्या आणि प्रयागबाईंना हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेल्या.

"तुम्हाला म्हणून सांगते," त्या कुजबुजल्या. "आजोबांकडे आली तेव्हाच तिचा पाय ढिला होता. राजेसाहेबांनी दिली ती बहुतेक त्यामुळेच. पण राजानं दिलेली खुर्ची मोडकी आहे, हे कुणी कुणाला सांगायचं? आजी म्हणायची, ही बसायची नाही, बघायची. मग आईही तेच म्हणायला लागली. मग मीही. कागदाची घडी दर दिवाळीला बदलत होते."

म्हणजे गोकुळ खरं बोलला होता तर.

"तुम्ही पहिल्यांदा आलात आणि तिच्यावर बसायला निघालात, तेव्हा माझा जीव गोळा झाला. मुलाची आई पडली असती आमच्या घरात. लग्न मोडलं असतं."

"मग तसं सांगायचं का न्हाय!"

"कसं सांगणार? लेकीच्या होणाऱ्या सासूला पहिल्याच दिवशी सांगू, की आमची खुर्ची मोडकी आहे?"

प्रयागबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना चादरीखालची प्लास्टिकची खुर्ची आठवली, पाठीला उशी लावलेली. त्यांनी तोंड मिटलं. विहीणबाईंच्या हातावर त्यांचा हात मात्र तसाच राहिला.

एकसष्ट दिव्यांनी ओवाळणं झालं, डॉक्टरांनी मोठ्या नाराजीनं खुर्ची सोडली. मैत्रिणी फोटोसाठी पुढे सरसावल्या. एकीनं विचारलं, "विनया, हे लाल कापड कुठून गं आणलंस? फारच वेगळं आहे."

"इंदापूरहून," विनयाताई म्हणाल्या, आणि त्यांची मान कधी वर झाली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "आणि सोनं लासुर्ण्याचं. आमच्या विहीणबाईंच्या माणसांनी करून दिलंय." मग त्यांनी सगळ्यांदेखत खुर्चीकडे हात केला. "विहीणबाई, बसा."

प्रयागबाईंनी पदर सावरला. या क्षणाची त्यांनी किती वाट पाहिली होती, ते त्यांनाच ठाऊक. त्या सावकाश, ऐटीत टेकल्या. दोन्ही हात खुर्चीच्या सोनेरी हातांवर ठेवले. अश्लेषानं युवराजाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि हळूच कानात म्हणाली, "आत्या, फ्रान्सच्या राणीसारख्या दिसताय." सगळे मोबाइल वर झाले.

तेवढ्यात प्रयागबाईंच्या मांडीवर काहीतरी कोमट पसरू लागलं. लुगडं भिजलं, पदर भिजला. युवराज शांत, समाधानी चेहऱ्यानं छताकडे बघत होते. प्रयागबाई जराही हलल्या नाहीत. हसू तसंच, मान तशीच. या खुर्चीतून त्यांना आता फ्रान्सचा राजा जरी उठवायला आला असता, तरी त्या उठल्या नसत्या.

विनयाताईंच्या नजरेनं मात्र रेक्झिनच्या कडेवरून ओघळणारा थेंब टिपला. त्या घाईघाईनं जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, खुर्ची भिजली का हो?"

"खुर्चीला काय हुतंय?" प्रयागबाई कॅमेऱ्याकडे बघत, ओठ न हलवता म्हणाल्या. "रेक्झिन हाय!"